माणसं शोधणारा, कोड वाचणारा

चेन्नईजवळची तांबरम महापालिका २०२१ साली झाली, आणि शेजारचं क्रोमपेटही तिच्यात आलं. क्रोमपेटमधल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) आवारात, अण्णा विद्यापीठाच्या एयू-केबीसी संशोधन केंद्रात, मुक्त सॉफ्टवेअरच्या राष्ट्रीय केंद्राचं काम २००५ मध्ये सुरू झालं. मोठ्या पदांसाठी माणसं शोधणाऱ्या सल्लागारानं वेब डेव्हलपमेंट शिकावं, तर अशाच परिसरात.

अशा सल्लागाराची फी साधारणपणे उमेदवाराच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश असते. कंपनी हे पैसे मोजते ते पारखीसाठी. मुलाखतीत प्रत्येकजण आपली उजळ बाजूच दाखवतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात मात्र कोणती ओळ कुणी लिहिली, चूक दाखवल्यावर काय उत्तर दिलं, नवख्याला कसं सांभाळून घेतलं, याची नोंद सगळ्यांसमोर उघडी असते. ती वाचायची तर कोड समजायलाच हवा.

भरतीच्या कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरमधली साधनंही तयार आहेत. पीएचपीमधलं ओपनकॅट्स उमेदवारांच्या नोंदी ठेवतं; मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ‘फ्रापे एचआर’ भरतीपासून पगारापर्यंत सगळं सांभाळतं. दोन्ही स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात. खुर्चीवरच्या माणसालाही कळू न देता त्याच्या जागी दुसरा शोधायचा असतो, तेव्हा माहितीवरचा हा ताबा फार मोलाचा.

अर्थात, बँकांच्या बंद यंत्रणांत राबणारे कितीतरी उत्तम अभियंते सार्वजनिक कोड लिहीतच नाहीत. त्यांच्यासाठी फोन आणि जुन्या ओळखीच लागतात.