पुस्तकातली भाकरी

गेल्या दिवाळीत सूनबाईंनी आम्हा उभयतांना एक जाडजूड पुस्तक भेट दिलं : मधुमेहींसाठी खास पाककृती. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रं आणि प्रत्येक पदार्थाखाली उष्मांकांचा चोख हिशेब. जन्मभर बँकेत आकडे जुळवले असल्यामुळे हिशेब दिसला की माझा चटकन विश्वास बसतो. सौ.चा बसला नाही. सामग्री वाचून ती म्हणाली, "अहो, हे डहाणूच्या बाजारात मिळायचं कुठं?"

ऑलिव्ह तेल, किन्वा, ब्रोकोली! यादी घेऊन चार दुकानं फिरलो नि निम्मीही भरली नाही. त्यातून घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो आमच्या दारात. आणि पुस्तकात नेमका तोच वर्ज्य!

अखेर एक ओळखीचं नाव सापडलं : नाचणी, म्हणजे आमच्याकडची नागली. शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम. पॉलिश केलेल्या तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नसतो. कृती मात्र एका ओळीची : पीठ मळून लाटावं. लाटलं, आणि भाकरीचे तुकडे ताटात पडले. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, हे लेखिका लिहायला विसरली होती.

ते सांगितलं तलासरीकडून बाजारात येणाऱ्या एका वारली बाईनं. "पाणी कढत घ्या बाबा. पीठ वाफेत झाकून ठेवा, मग मळा. हातावर थापा, लाटू नका." त्या रात्री भाकरी अखंड उतरली. पथ्य म्हणून दोनच खायच्या, कारण नागलीही शेवटी पिष्टमयच. सोबत उडदाचं वरण.

पुढल्या खेपेला मी कौतुकानं विचारलं, "तुमच्याकडे रोज हीच भाकरी असेल, नाही?"

"नाही बाबा. नागली विकली. घरात रेशनचा भात."

उतारावरच्या वरकस जमिनीत रोपं लावायची, कापायचं, झोडायचं, दळायचं. एवढे कष्ट करून पिकवलेलं धान्य आमच्या पथ्यासाठी बाजारात येतं, आणि पिकवणारीच्या ताटात भात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य मिळतं, त्यानं पोट भरतं हे खरंच. आदिवासी भागातल्या गरोदर नि स्तनदा मातांना २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचं चौरस जेवण मिळतं, तेही मोलाचं. पण ज्या घरात नागली पिकते, त्या घरातून ती जाऊ नये, हा हिशेब कुठल्या पुस्तकात?

इथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ मध्ये आपलं काम नेलं. मुलं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. आहाराच्या पुस्तकांनीही असंच करावं. आधी बाजार पाहावा, चूल पाहावी, रांधणारीला विचारावं. कृती मग लिहावी.

आमच्या पुस्तकाच्या समासात सौ.नं आता पेन्सिलीनं लिहिलंय : 'पाणी कढत. थापणे.' पावसाळ्यात टाकळ्याची भाजी त्यात चढेल. आणि नागली घेताना मी घासाघीस करायचं सोडलंय. हिशेबात तेवढी एक दुरुस्ती माझ्या हातात होती.