ब्रेक ऑइलचा दिवस

सकाळी साडेआठ

शटर वर जातं तेव्हा लकडगंजातल्या आरामशीन कधीच सुरू झालेल्या असतात. सागवानाचा भुसा इथे हवेतच असतो. पान्यांवर, टेबलावर, रात्री उभ्या ठेवलेल्या गाड्यांच्या काचांवर त्याचा पिवळट थर बसतो. ब्रेकचं काम करणाऱ्याला हा भुसा परवडत नाही, म्हणून आमचा दिवस ओल्या फडक्यानं सुरू होतो. नवीन पोऱ्या आला की त्याला पाना धरायच्या आधी एकच गोष्ट शिकवतो: मास्टर सिलिंडरच्या टाकीचं झाकण आजूबाजूचं पुसल्याशिवाय उघडायचं नाही. आतलं एक भोक इतकं बारीक असतं की त्यात एक कण अडकला तरी पेडल सोडल्यावर दाब सुटत नाही. मग ब्रेक धरून राहतो, चाक तापतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं गाडी ओढत नाही.

नऊ

पहिली गाडी छोटा हत्ती. रोज लाकूड वाहणारी, पण परवा चिखलदऱ्याला कुणाचं तरी सामान टाकायला गेली होती.

"भाऊ, घाट उतरताना ब्रेक एकदम खालीच गेला. हँडब्रेकवर कशीबशी आणली. परतवाड्याला थांबून चहा घेतला, तर पुन्हा बरोबर लागून राहिला. आता तर काहीच नाही न!"

पेडल दाबून पाहिलं, खरंच कडक होतं. गळती कुठेच नव्हती, टाकीही भरलेली होती. असा ब्रेक पाहून माणूस निश्चिंत होतो. मला मात्र याच ब्रेकची सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

ब्रेक ऑइल नावाला ऑइल. आपल्या गाड्यांत असतं ते ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. झाकणाच्या श्वासातून, रबरी होजमधून, पावसाळाभर थोडं थोडं पाणी आत जात राहतं. डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चं २३० पर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की प्रमाणाची हमी अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर उतरते. घाटात सतत ब्रेक दाबला की तेवढी उष्णता कॅलिपरपर्यंत सहज पोचते. ऑइल उकळतं, वाफ होते. ऑइल दाबलं तर दाब पुढे जातो. वाफ मात्र नुसती दबून घेते. पेडल खाली जातं, चाकाला काही कळत नाही. चहा पिईपर्यंत ती वाफ पुन्हा ऑइलमध्ये जिरते, आणि गॅरेजमध्ये येईस्तोवर दोषाचा मागमूस राहत नाही.

नागपूरच्या माणसाला उन्हाचा धाक. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान होतं, ते लोक अजून सांगतात. पण ब्रेक ऑइलला ४७ अंशांचं काही वाटत नाही. त्याचं नुकसान जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत होतं, आणि ते दिसतं पुढच्या एखाद्या उतारावर.

पाणी मोजायची पेनसारखी मशीन टाकीत बुडवली. लाल दिवा लागला. "पण लेव्हल तर भरलेली आहे," ड्रायव्हर म्हणाला. तीच तर गोष्ट आहे. कुणीतरी वरून ओतत राहिला आणि खालचं जुनं तसंच राहिलं. टॉप-अपला माझा विरोध आहे. लेव्हल कमी झाली तर एक तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे; वरून ओतणं म्हणजे दोन्ही गोष्टी झाकणं.

दहा ते साडेबारा

टाकीतलं काळं ऑइल सिरिंजनं ओढून काढलं, तळाचा गाळ पुसला, सीलबंद डबा फोडून नवं डॉट ४ भरलं. मग सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. निप्पलवर रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या थोड्याशा ऑइलमध्ये बुडवलेलं. पोऱ्या पेडलवर. "दाब... धरून ठेव." मी निप्पल खोलतो, ऑइल धावतं, निप्पल बंद करतो, तेव्हाच "सोड". हा क्रम चुकला आणि निप्पल उघडं असताना पाय उचलला, तर केलेलं सगळं काम हवा खाऊन जाते. दर थोड्या वेळानं टाकी पाहायची, रिकामी होऊ द्यायची नाही. नळीत काळ्याचं तपकिरी होतं, मग पिवळसर, मग स्वच्छ. हवा काढणं एवढंच काम असतं तर बुडबुडे थांबल्यावर थांबलो असतो. ऑइल बदलायचं असेल तर रंग बदलेपर्यंत थांबावं लागतं, चारही चाकांवर.

जुन्या गाडीत पोऱ्याला पेडल पूर्ण तळाला नेऊ देत नाही. पायाखाली लाकडाचा गुटका ठेवतो. सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो, आतलं रबर त्यावर घासलं की नवीन दुखणं सुरू.

पाऊण

टेम्पोत घालून पोट्टे आपली एटीव्ही घेऊन आले. ती रस्त्यावर चालवता येत नाही, पासिंग नसतं, म्हणून टेम्पो. इंजिनिअरिंगची मुलं आहेत, बाहाची तयारी चाललीय. बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून सुरू आहे. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या ट्रॅकनं या मुलांच्या कितीतरी पिढ्या पाहिल्या. मुलांनी स्वतः पाइप वाकवून, वेल्डिंग करून एक माणूस बसेल अशी गाडी बनवायची, आणि शेवटी चार तासांच्या एन्ड्युरन्समध्ये ती टिकवायची. पण त्याआधी ब्रेकची परीक्षा असते. चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत. एक जरी फिरत राहिलं तरी गाडी पुढे जात नाही, मग वेल्डिंग कितीही देखणं असो. हा नियम मला मनापासून आवडतो.

"काका, पाच वेळा ब्लीड केलं, पेडल स्पंजीच आहे," त्यांची कॅप्टन म्हणाली.

मास्टर सिलिंडर मारुती ८०० चं, कॅलिपर मोटरसायकलचे. पुढच्या-मागच्या लाइन वेगळ्या, नियमानुसार. काम नेटकं होतं. सोबत त्यांनी आणलेली बाटली पाहिली: डॉट ५. आकडा मोठा म्हणून घेतलेली. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, आपल्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलचंच. एका टिंबाचा फरक, पण बाटली उघडायच्या आत कळलेला बरा. ती बाजूला ठेवायला लावली.

अडीच

जेवून आल्यावर गाडीखाली गेलो. मागचा उजवा कॅलिपर पाहिला आणि काम कळलं. जागा मिळेना म्हणून मुलांनी तो उलटा बसवला होता. निप्पल खाली, होज वर. हवा ऑइलमध्ये नेहमी वर चढते. निप्पल खाली असलं की ऑइल निघत राहतं आणि वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा जागचा हलत नाही. पाच काय, पन्नास वेळा ब्लीड करा.

कॅलिपर ब्रॅकेटवरून खोलला. समोरच्या टालावरून सागाचा एक तुकडा आणला, रंद्यानं डिस्कच्या जाडीचा केला आणि पॅडच्या मध्ये सरकवला, नाहीतर पहिल्याच दाबाला पिस्टन बाहेर येईल. मग कॅप्टनला सांगितलं, "आता हातात धर, निप्पल वर कर, आणि कॅलिपरवर हलकेच ठोक." पहिल्या दाबाला नळीतून चण्याएवढा बुडबुडा गेला, त्यामागून बारीक फेस, मग निव्वळ ऑइल. मुलं नळीकडे डोळे लावून बसली होती. पेडल एकदम वर आलं तेव्हा पेडलवरचा मुलगा ओरडलाच.

तरी सांगितलं, ही तात्पुरती सोय. ब्रॅकेट कापून कॅलिपर सरळ बसवा. ट्रॅकवर दर वेळी तो खोलून हातात धरणार का? बॅन्जो बोल्टची तांब्याची वायसर नवीन टाकली. एकदा दबलेली तांब्याची वायसर पुन्हा वापरणं मला मान्य नाही. फ्रेमच्या रंगावर पडलेले थेंब लगेच पाण्यानं धुवायला लावले, कारण ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं. पेट्रोलचं फडकं मात्र या कामात लांब ठेवायचं, त्यानं आतलं रबर फुगतं.

साडेपाच

टालाचं आवार रिकामं झाल्यावर मालकानं चाचणी घेऊ दिली. पोट्ट्यानं हेल्मेट घातलं, बेल्ट लावला, गाडी पळवली आणि ब्रेक मारला. मातीत चार ओरखडे उठले. मागच्या उजव्याचा थोडा उशिरा, तो ब्रॅकेट बदलल्यावर जाईल.

सात

जुनं ऑइल वेगळ्या कॅनमध्ये, इंजिन ऑइलमध्ये मिसळायचं नाही आणि नालीत तर मुळीच नाही. सकाळी फोडलेल्या डब्यात जे उरलं ते उद्याच्या गाडीत टाकत नाही. झाकण लावलं तरी डब्यात हवा शिरलेली असते.

छोट्या हत्तीच्या टाकीवर मार्करनं महिना आणि साल लिहून दिलं. तुमच्याही गाडीवर लिहून घ्या. मॅन्युअलमध्ये बदलायची मुदत असते, बहुतेक गाड्यांना २ वर्षांची. लेव्हल पाहून थांबू नका, तारीख पाहा. पाऊस सरला आहे. सुट्यांमध्ये घाटाकडे निघण्याआधी ऑइल बदलून घ्या, आणि डबा तुमच्यासमोर फोडायला लावा.