पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

कार्यालयातल्या सगळ्यांच्या फायली ज्या यंत्रावर असतात, त्या नेटवर्क स्टोरेज सर्व्हरला आयटीवाले ‘नास’ म्हणतात. एके दिवशी त्यावरची फोल्डर्स उघडेनाशी होतात आणि ‘डोमेनशी असलेला ट्रस्ट तुटला’ अशा अर्थाचा संदेश झळकतो. लोक आपला पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतात, मग बदलून पाहतात. उपयोग होत नाही, कारण बहुतेकदा बिघाड माणसाच्या नव्हे, तर यंत्राच्या ओळखपत्रात असतो.

डोमेन म्हणजे कार्यालयातली सगळी खाती एका ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था. तिच्यात यंत्रालाही स्वतःचं खातं आणि पासवर्ड असतो. नास डोमेनमध्ये सामील झाला की एक लांबलचक गुपित तयार होतं. ते त्याच्याकडे आणि ही खाती राखणाऱ्या सर्व्हरकडे, म्हणजे डोमेन कंट्रोलरकडे, असं दोन्हीकडे राहतं. विंडोजचं यंत्र ते साधारण दर ३० दिवसांनी आपणहून बदलतं. बहुतेक नासमध्ये सांबा ही मुक्त प्रणाली चालते. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती लिहायला घेतली. तिच्यात हा काळ मुळात ७ दिवसांचा असतो. आता कुणी नासची सेटिंग्ज जुन्या बॅकअपमधून परत आणली, की त्याच्या हाती शिळं गुपित येतं. त्याच नावाचं दुसरं यंत्र डोमेनमध्ये घेतलं, तर पहिल्याचं गुपित बाद होतं.

पण माझं मत विचाराल तर आधी घड्याळ पाहा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे मायक्रोसॉफ्टची डोमेन-व्यवस्था, ओळख पटवण्यासाठी कर्बेरोस ही पद्धत वापरते. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८३ साली सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पात ती जन्मली. तिच्यात पासवर्ड तारेतून जात नाही. कंट्रोलर ठरावीक मुदतीचं तिकीट देतो. वाटेत कुणी त्याची नक्कल करून पुन्हा वापरू नये म्हणून सोबत वेळेचा शिक्का जातो, आणि घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक असला तर विनंती फेटाळली जाते. नासच्या मदरबोर्डवरचा बटणसेल संपला, वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झालं, की घड्याळ कुठल्या कुठे गेलेलं असतं.

आपल्याकडे याची एक खास तऱ्हा आहे. पडद्यावरची वेळ अगदी बरोबर दिसते, पण टाइम झोन भारताचा न निवडता जागतिक वेळेचाच ठेवलेला असतो. कुणीतरी काटे हाताने पुढे सरकवलेले असतात. कर्बेरोस हिशेब करतो जागतिक वेळेत, त्यामुळे प्रत्यक्षात फरक पडतो साडेपाच तासांचा!

दुसरा संशयित डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा. डोमेन कंट्रोलर कुठे आहे, हे नास डीएनएसलाच विचारतो. तिथे ‘असू दे जास्तीचा’ म्हणून गुगलचा ८.८.८.८ घातलेला असतो. त्या बिचाऱ्याला तुमच्या कार्यालयाचं अंतर्गत डोमेन ठाऊक नसतं. त्यामुळे नास कधी चालतो, कधी नाही, आणि असला अधूनमधूनचा बिघाड शोधणं सर्वांत कटकटीचं.

निदानाची एक सोपी खूण आहे. फोल्डर सर्व्हरच्या नावाने उघडत नाही, पण आयपी पत्त्याने उघडतं, असं झालं तर दोष बहुधा कर्बेरोसच्या बाजूचा, म्हणजे वेळेचा किंवा नावाचा. कारण तिकीट नावावर निघतं. पत्ता दिला की विंडोज सहसा एनटीएलएम या जुन्या पद्धतीकडे वळतं. दोन्ही वाटा बंद असतील तर यंत्राच्या गुपितावर संशय घ्यावा.

कधी नासवर कुणी बोटही ठेवलेलं नसतं, तरी तो अडतो. डोमेन कंट्रोलर आणि सदस्य यंत्रं यांच्यातल्या संवादावर मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक नियम लावले आणि जुलै २०२३ मध्ये सवलत संपवली. अशा वेळी जुन्या नासला इलाज एकच: त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करणं.

वेळ आणि डीएनएस तपासल्यावरही अडलं, तरच नास डोमेनमध्ये पुन्हा सामील करा. त्याने फायली पुसल्या जात नाहीत, तरी आधी बॅकअप घ्या. आणि नासच्या स्थानिक अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड आजच शोधून नीट जपून ठेवा. ट्रस्ट तुटल्यावर डोमेनचं खातं तुम्हाला आत घेईलच असं नाही, हे स्थानिक खातं घेतं.