मंद आच आणि आठवड्याचे नियोजन

‘आज काय करायचे?’ हा प्रश्न बहुतेक घरांत रोज विचारला जातो. प्रश्न छोटा असला, तरी त्याचे उत्तर शोधण्यात बरीच शक्ती खर्च होते. घरात कोणता शिधा शिल्लक आहे, कोण किती वाजता बाहेर पडणार, कोणाचे पथ्य आहे, हा सारा हिशेब बहुधा एकाच व्यक्तीच्या, आणि बहुतांश घरांत गृहिणीच्याच, डोक्यात चाललेला असतो. स्वयंपाकाचे कष्ट डोळ्यांना दिसतात. हा हिशेब मात्र दिसत नाही. आठवड्याच्या जेवणाचे नियोजन आणि मंद आचेवर शिजवण्याची पद्धत यांची जोड घातली, तर हे दोन्ही भार हलके होऊ शकतात.

मंद आचेमागील शास्त्र सोपे आहे. अन्न शिजते ते ज्योतीच्या मोठेपणामुळे नव्हे, तर पुरेसे तापमान पुरेसा वेळ टिकल्यामुळे. समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. उघड्या भांड्यातील पाण्याला उकळी फुटल्यावर आच कितीही वाढवली, तरी ते त्याहून अधिक तापत नाही. फक्त त्याची वाफ लवकर होते. एक लिटर पाणी 20 अंशांपासून उकळेपर्यंत तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसहा पटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची संपूर्ण वाफ होण्यात खर्च होते. म्हणूनच उकळी आल्यावर आच कमी करून झाकण ठेवणे, ही इंधन वाचवण्याची पहिली पायरी होय. प्रेशर कुकर वाफ कोंडून तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत नेतो आणि वेळ वाचवतो. मंद आचेची पद्धत याच्या उलट आहे. तिच्यात तापमान कमी आणि वेळ अधिक असतो. पण त्या वेळात कोणाला चुलीपाशी उभे राहावे लागत नाही.

ही पद्धत भारताला नवी नाही. महाराष्ट्रातील मातीच्या चुलीला शेजारी वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी भाजली जात असताना वैलावरील भांड्यात आमटी किंवा दूध मंद उष्णतेवर राही. पंजाबात अख्खे उडीद तंदूरच्या विझत्या निखाऱ्यांवर रात्रभर ठेवण्याची रीत होती. काश्मीरमध्ये हिवाळ्यात खाल्ला जाणारा हरीसा रात्रभर शिजवतात. मांसातील चिवट भाग अशा दीर्घ उष्णतेनेच मऊ होतात.

कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 मध्ये या तत्त्वावर ‘इकमिक कुकर’ तयार केला. उंच गोल भांड्याच्या तळाशी कोळशाची लहान शेगडी आणि वर एकावर एक रचलेले डबे, अशी त्याची रचना होती. भात, डाळ आणि भाजी एकाच आचेवर, वाफेने सावकाश शिजे. अमेरिकेत इर्व्हिंग नॅक्सन यांना विजेवर चालणाऱ्या अशा भांड्याचे पेटंट 1940 मध्ये मिळाले. पुढे 1971 मध्ये तेथील रायव्हल कंपनीने ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. आजचा विजेचा स्लो कुकर हा त्याचाच वंशज. 200 वॅटचा स्लो कुकर सलग आठ तास चालला, तर जास्तीत जास्त 1.6 युनिट वीज लागते. तेव्हा त्याने विजेची बचत होईलच असे नाही. त्याचा खरा लाभ असा, की या आठ तासांत त्याच्याकडे सतत लक्ष द्यावे लागत नाही.

ज्यांच्याकडे असे उपकरण नाही, त्यांना गवताची पेटी करता येते. खोक्यात किंवा टोपलीत भाताचा कोरडा पेंढा दाबून भरावा व मध्ये भांड्याएवढी जागा ठेवावी. भिजवलेली तूरडाळ गॅसवर दहा-पंधरा मिनिटे उकळू द्यावी. मग आच बंद करून घट्ट झाकणाचे ते भांडे लगेच पेटीत ठेवावे आणि वरून जाड गोधडी घालावी. दीड-दोन तासांत डाळ आतल्या उष्णतेनेच शिजते. भांडे जवळजवळ भरलेले असावे, कारण थोडे अन्न लवकर निवते. मध्येच झाकण उघडू नये. पेटी जळत्या शेगडीपासून दूर ठेवावी.

मात्र येथे सावधगिरी अत्यावश्यक आहे. 5 ते 60 अंश या तापमानात रोगजंतू वेगाने वाढू शकतात. त्यामुळे गवताच्या पेटीत अन्न दिवसभर ठेवू नये. तीन-चार तासांत बाहेर काढून पुन्हा उकळावे आणि गरमच खावे. राजम्याबाबत तर विशेष काळजी हवी. कच्च्या राजम्यात असलेल्या विषारी द्रव्याने उलट्या व जुलाब होतात आणि स्लो कुकरच्या कमी तापमानात ते नष्ट होईलच याची खात्री नसते. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात तो अर्धा तास खळखळून उकळावा आणि नंतरच मंद आचेवर ठेवावा. गोठलेले मांस थेट स्लो कुकरमध्ये घालू नये. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे.

आता नियोजनाकडे वळू. त्यासाठी मोठी वही लागत नाही. रविवारी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : घरात काय आहे, कोणता दिवस धावपळीचा आहे आणि एका तयारीतून दोन पदार्थ कोणते होतील. उदाहरणार्थ, रविवारी रात्री चार वाट्या मूग भिजवले. सोमवारी त्यांतील निम्म्या मुगांची आमटी केली आणि उरलेले निथळून फडक्यात बांधून ठेवले. मंगळवारी त्याच मुगांना मोड येऊन उसळ तयार होते. भिजवणे एकदा, जेवणे दोन. आणि फ्रिजचीही गरज नाही. पालेभाजी लवकर सुकते, म्हणून ती बाजारच्या दिवशीच करावी. भोपळा, सुरण, बटाटे मागील दिवसांसाठी राखावेत. सर्वांत धावपळीच्या दिवशी डाळ, तांदूळ आणि भाज्या एकत्र घालून केलेली खिचडी पुरते.

हा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा. जे एकाच्या डोक्यात होते, ते भिंतीवर आले की सर्वांना वाचता येते. मग मूग भिजवायला मुलगा पुढे होऊ शकतो आणि डाळ पेटीत ठेवण्याचे काम वडील करू शकतात. पेटीत डाळ शिजत असतानाचे दीड-दोन तास एरवी चुलीपाशी गेले असते. ते विश्रांतीसाठी, मुलांसाठी किंवा अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी वापरता येतात.