विज्ञानकादंबरींतील सृष्टीचा जमाखर्च

विज्ञानकथा म्हटली कीं घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें उडत्या तबकड्या, लोखंडी माणसें आणि परग्रहांवरील लढाया उभ्या राहतात. आणि असलीं पुस्तकें मुलांनीं परीक्षेनंतरच्या सुटींत वाचून टाकावयाचीं, अशी त्यांची समजूत होऊन बसते. तरुण मंडळीही बहुधा लढायांसाठींच तीं वाचतात. या दोहोंच्याही नजरेंतून जी गोष्ट निसटते, तिच्याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजींत अशा कांहीं विज्ञानकादंबऱ्या लिहिल्या गेल्या कीं, ज्यांचा खरा विषय यंत्र नसून पाणी, गवत, अरण्य व माती हा आहे. हवामान बदलत आहे, विहिरींचें पाणी खोल जात आहे, जंगलें तुटत आहेत, हें वर्तमानपत्रांत आपण नित्य वाचतों आणि पान उलटतों. आंकडे खरे असतात, पण ते मनांत घर करीत नाहींत. मग कादंबरीकार असें काय करतो कीं, तीच हकीकत दहा वर्षांनींही विसरत नाहीं? आमच्या मतें त्याचें उत्तर सोपें आहे. चांगला कादंबरीकार सृष्टीचा हिशेब व्याख्यानांतून सांगत नाहीं. तो तिला घराच्या जमाखर्चांत आणून बसवितो, आणि जमेच्या बाजूस जें लिहिलें त्याचा खर्च कोणाच्या नांवें पडला हेंही दाखवितो. तीन कादंबऱ्यांच्या आधारें हें आम्ही स्पष्ट करूं.

पहिली कादंबरी फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची 'ड्यून' ही होय. वीसांहून अधिक प्रकाशकांनीं ती नाकारली होती; अखेर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांबद्दल प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या संस्थेनें १९६५ सालीं ती छापली. तिचें बीज मात्र ऑरेगन राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर पडलें होतें. १९५७ सालीं हर्बर्ट तेथील फ्लॉरेन्स गांवीं गेले. वाऱ्यानें सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या तेथें रस्ते गिळूं लागल्या होत्या, आणि सरकारी शेतकी खातें विशिष्ट जातीचें गवत लावून त्या जागच्या जागीं थोपवीत होतें. या प्रयोगावर लेख लिहावा असा त्यांचा बेत होता. तो लेख कधींच पुरा होऊन छापला गेला नाहीं. पण त्यासाठीं केलेल्या अभ्यासांतून अराकिस नांवाचा एक संपूर्ण वाळवंटी ग्रह निर्माण झाला.

या ग्रहावर पाऊस पडत नाहीं. ही गोष्ट हर्बर्ट किती कोटि घनफूट पाणी कमी आहे असें सांगून पटवीत नाहींत. ते तेथील रीतिरिवाज दाखवितात. वाळवंटांतील एक नायक दरबारांत येतो आणि मेजावर थुंकतो. परके सरदार तलवारीस हात घालतात. इतक्यांत ती रीत जाणणारा एक जण पुढें होऊन त्याचे आभार मानतो. कारण जेथें देहांतील ओलाव्याचा थेंबही जपावयाचा, तेथें थुंकणें म्हणजे स्वतःजवळचें अमूल्य धन देणें होय. याच लोकांत मेलेल्या माणसाच्या देहांतील पाणी काढून तें जमातीच्या सांठ्यांत घालतात. एका मृताचें पाणी मोजलें जातें तेव्हां तें ३३ लिटरांहून थोडें अधिक भरतें. त्याच्यासाठीं नायक रडतो, तेव्हां भोंवतालचे लोक आश्चर्यानें स्तब्ध होतात. मृतासाठीं कोणी आपलें पाणी द्यावें हें त्यांस अपूर्व वाटतें.

आणखी एक प्रसंग पाहा. राजवाड्यासमोर खजुराचीं वीस झाडें आहेत, आणि रस्त्यानें जाणारे लोक त्यांच्याकडे विलक्षण नजरेनें पाहतात. घरच्या वैद्याकडून त्याचा उलगडा होतो. एका झाडास दिवसाला ४० लिटर पाणी लागतें, माणसास ८ लिटर पुरतें. म्हणजे एक झाड पांच माणसांबरोबर, आणि वीस झाडें शंभर माणसांबरोबर. येथें उपदेशाचा एक शब्दही नाहीं. पण हा गुणाकार वाचल्यावर अंगणांतील शोभेची बाग पूर्वीच्या डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. त्या ग्रहाच्या परिसराचें शास्त्रीय विवेचनही हर्बर्ट यांनीं लिहिलें आहे, परंतु तें परिशिष्टांत. तेथवर पोहोंचेपर्यंत वाचक त्या पाण्याच्या हिशेबांत पुरता गुंतलेला असतो.

तथापि हर्बर्ट यांचा खरा मोठेपणा पुढें आहे. वाळवंटांतील लोक आपला ग्रह हिरवा करण्याचें स्वप्न पाहतात. एका शास्त्रज्ञानें त्यांस योजना आंखून दिली आहे. टेकड्यांवर गवत लावावें, थेंबथेंब पाणी सांठवावें, आणि तीनशें ते पांचशें वर्षें धीर धरावा. वाचकही मनोमन तेंच इच्छितो. परंतु त्या ग्रहावरील प्रचंड वालुकाकृमींस पाणी विषासमान आहे, आणि ज्या मसाल्यावर साऱ्या साम्राज्याचा व्यवहार चालतो तो त्यांच्याच जीवनचक्रांतून निपजतो. १९७६ सालच्या 'चिल्ड्रन ऑफ ड्यून' या पुढील कादंबरींत हिरवळ पसरूं लागते, कृमि कमी होऊं लागतात, आणि काटकसरीनें घडलेल्या त्या शूर लोकांची शिस्तही सैल पडते. इच्छिलेली गोष्ट मिळाली, पण तिची किंमत कोणीं मोजली नव्हती.

हें केवळ कल्पनेंतच घडलें असें नाहीं. ज्या ऑरेगनच्या किनाऱ्यावर हर्बर्ट यांस ही कल्पना सुचली, तेथें लावलेलें तें युरोपीय गवत इतकें फोफावलें कीं, उघड्या वाळूच्या टेकड्याच त्याखालीं नाहींशा होऊं लागल्या. उघड्या वाळूंत अंडीं घालणाऱ्या प्लोव्हर जातीच्या लहान पक्ष्यांस जागा उरेना, आणि एके काळीं जें गवत मुद्दाम लावलें तेंच आज कष्टानें उपटून काढण्याचें काम तेथें चालूं आहे. हिरवें तेवढें चांगलें आणि उजाड तेवढें वाईट, ही आपली सोपी समजूत या उदाहरणानें दूर व्हावी. वाळवंट हेंही कोणाचें तरी घर असतें.

दुसरी कादंबरी इंग्लंडमधील आहे. जॉन क्रिस्टोफर या टोपणनांवानें लिहिणारे सॅम यूड यांची 'द डेथ ऑफ ग्रास' १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. तिची युक्ति अगदीं वेगळी आहे. येथें नवा ग्रह नाहीं, नवें यंत्र नाहीं. आपल्याच जगांतून लेखक एकच वस्तु काढून घेतो. एक रोग प्रथम पूर्व आशियांतील भातपिकावर पडतो, आणि मग रूप पालटून साऱ्या तृणवर्गावर पसरतो. गहू, जव, ओट, राय सर्व मरतात. कुरणें वाळतात, आणि कुरणांबरोबर गुरें जातात.

गवत गेलें तर काय गेलें, हें आमच्या वाचकभगिनींनीं आपल्या स्वयंपाकघरांत उभें राहून पाहावें. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका हीं सर्व वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें गवतेंच. ऊस गवत, म्हणून गूळ व साखर गेली. वैरण गेली, म्हणून दूध-तूप गेलें. बांबू गवत, गणपतीच्या दूर्वा गवत, श्राद्धाचा दर्भ गवत. डब्यांमागून डबे रिकामे करीत गेलें म्हणजे शेवटीं डाळी, कंद आणि भाजीपाला एवढेंच फडताळांत उरतें. एका वनस्पतिकुळावर आपला संसार केवढा टेकला आहे, याचा असा पडताळा कोणत्याही पाठ्यपुस्तकांत मिळणार नाहीं.

क्रिस्टोफर यांची भाषा जाणूनबुजून साधी व थंड आहे. कथानायक जॉन हा लंडनमधील एक सभ्य इंजिनियर आहे. त्याच्या भावाची, डेव्हिडची, उत्तरेस डोंगरांच्या कुशींत शेती आहे. तिचें खोरें अरुंद, एका वाटेनें राखतां येण्याजोगें, आणि तेथें बटाटे लावलेले. दुष्काळ पडतांच जॉन बायकामुलांस व स्नेह्यांस घेऊन तिकडे निघतो. प्रवास थोड्याच दिवसांचा, पण प्रत्येक मुक्कामावर सभ्यतेचा एकेक कपडा उतरत जातो. प्रथम पहाऱ्यावरच्या शिपायांचा जीव घेतला जातो, पुढें एका निरपराध शेतकऱ्याच्या घरांत अन्नासाठीं रक्त सांडतें. प्रत्येक वेळीं कारण एकच, मुलांबाळांसाठीं. अखेर तो खोऱ्याच्या तोंडाशीं येतो, तेव्हां आंत इतक्या माणसांस जागा नाहीं, आणि त्या झटापटींत भाऊ मारला जातो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हा शेवट विशेष झोंबेल. भाऊबंदकी आपणांस नवी नाहीं. पण ती स्वभावांतून जशी येते तशी रिकाम्या कोठारांतूनही येते, हें येथें दिसतें.

तिसरी कादंबरी अर्सुला ले ग्विन यांची 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' ही होय. १९७२ सालीं ती एका संग्रहांत आली व १९७३ सालीं तिला ह्यूगो पारितोषिक मिळालें. प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या या कन्येनें भाषा हेंच आपलें साधन केलें आहे. अथ्शे या अरण्यमय ग्रहावरील लोकांच्या भाषेंत जग आणि अरण्य यांस एकच शब्द आहे. पृथ्वीवर लांकूड उरलेलें नाहीं, म्हणून पृथ्वीवरचे लोक तेथें जंगलें तोडावयास येतात. त्यांनीं आधीं तोडलेल्या एका बेटावरची माती पावसानें धुपून गेली आहे. तरी कुऱ्हाड थांबत नाहीं.

लेखिकेनें ही कथा तिघांच्या नजरेंतून आळीपाळीनें सांगितली आहे. पहिल्याच प्रकरणांत आपण डेव्हिडसन या अधिकाऱ्याच्या डोक्यांत शिरतों. त्याला झाड दिसत नाहीं, फळ्या दिसतात. माणूस दिसत नाहीं, मजूर दिसतो. मग ल्युबोव्ह हा सहृदय पण दुबळा अभ्यासक, आणि शेवटीं सेल्व्हर हा तेथलाच रहिवासी. तेंच अरण्य तीन वेळां पाहिल्यावर वाचकास कळतें कीं, जंगल तोडण्याची क्रिया कुऱ्हाडीच्या आधीं दृष्टींत सुरू होते. शेवटीं सेल्व्हरचे लोक लढून परक्यांस घालवितात. पण ज्यांस माणसाचा वध ठाऊक नव्हता त्यांस तो आतां ठाऊक झाला, आणि ती विद्या परत करतां येत नाहीं. येथेंही जय झाला, आणि त्याचा खर्च जिंकणाऱ्यांच्याच नांवें पडला.

या ग्रंथांत दोष नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. डेव्हिडसन इतका काळाकुट्ट रंगविला आहे कीं, त्याच्यांत आपलें प्रतिबिंब पाहण्याची वाचकावर पाळीच येत नाहीं. उपदेशाचा मोह आपणांस पुरता आवरला नाहीं, असें ले ग्विन यांनींही पुढें म्हटलें आहे. क्रिस्टोफर यांच्या कादंबरीनें उत्पन्न होणारी भीति माणसास सावध करील तशी आपमतलबीही करील. आणि साऱ्या ग्रहाचें शेंकडों वर्षांचें भवितव्य एकट्या शास्त्रज्ञानें ठरवावें, ही 'ड्यून'मधील योजना कोणाही विचारी मनुष्यास अस्वस्थ करील. परंतु अशी अस्वस्थता वाटूं लागणें हेंच अशा वाचनाचें फळ आहे.

मराठींतही ही वाट अगदींच अनोळखी नाहीं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेंत टोपणनांवानें कथा पाठवून बक्षीस मिळविणारे डॉ. जयंत नारळीकर यांनीं पुढें 'हिमप्रलय' या कथेंत मुंबईंत बर्फ पाडलें, आणि वातावरणाचा तोल किती नाजूक असतो हें आपल्या ओळखीच्या रस्त्यांवर आणून दाखविलें. २०२५ सालीं ते निवर्तले. आपल्या विहिरी, आपली ऊसशेती, आपल्या देवराया यांचा जमाखर्च मांडणारी मोठी कादंबरी जो कोणी लिहील, त्याला या वाटेवर पुष्कळ मोकळी जागा आहे.

तोंवर या पुस्तकांतील एखादें घरांत मोठ्यानें वाचावें, अशी आमची सूचना आहे. वाचतांना नायक जिंकला कीं हरला एवढेंच मुलांस विचारूं नये. पाणी कोठून आलें, तें कोणाच्या वांट्याचें होतें, आणि जें सुधारलें त्यासाठीं काय गमावलें, हें विचारावें. हे प्रश्न कादंबरींत विचारण्याची संवय लागली म्हणजे धरणाच्या, रस्त्याच्या किंवा नव्या वसाहतीच्या बातमींतही मुलें तेच विचारूं लागतील; आणि त्यांचीं उत्तरें शोधण्याचें काम मग वडील मंडळींसही चुकणार नाहीं.