बर्फ वितळला, पण कधी?

गावाहून मासळीची पेटी येणार म्हटले की मुंबईच्या घरात ईदच असते. आमच्याकडेही एकदा नाटे गावाहून बांगड्यांची पेटी आली. रात्रीच्या गाडीने निघालेली, सकाळी दारात. बर्फाचे पाणी झाले होते; पण मासळी हाताला गार लागत होती, वासही नव्हता. तळली, खाल्ली. तासाभरात दोन्ही मुलांचे चेहरे लालबुंद झाले, अंगाला खाज सुटली, डोके ठणकू लागले. डॉक्टरांनी विचारले, "बांगडा बर्फाबाहेर किती वेळ होता?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. संध्याकाळपर्यंत मुले बरी झाली, अल्हम्दुलिल्लाह; पण तो प्रश्न मनात राहिला.

बांगडा, तारली, कुपा हे मासे उबेत राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार करतात. तो तळून जात नाही, शिजवून जात नाही आणि पुन्हा बर्फात ठेवूनही जात नाही. म्हणजे एकदा हरवलेला गारवा परत आणता येत नाही. म्हणूनच आता मासळी गार आहे का, एवढे पाहून भागत नाही. ती सारा वेळ गार होती का, हे कळावे लागते.

नाट्यालगतच्या साखरीनाटे बंदरात आपले कितीतरी मच्छीमार बांधव राहतात. त्यांची मासळी होडीतून लिलावात, तिथून टेम्पोत आणि पुढे बाजारात किंवा कारखान्यात जाते. प्रत्येक ठिकाणी हात बदलतो आणि ऊन लागते ते तिथेच. वितळणारा बर्फ मासळीला शून्य अंशाच्या आसपास ठेवतो. आपल्या हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ लागतो, तोही एक थर बर्फ, एक थर मासळी असा. नुसता वरून पसरलेला नव्हे. बर्फात केलेली काटकसर पुढे भावात कापली जाते.

निर्यातीत ही गोष्ट शिस्तीने पाळावी लागते. १९९७ साली युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात थांबवली होती. गोठवलेली मासळी उणे १८ अंशांवर ठेवतात. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवले, की ते ठरावीक मिनिटांनी नोंद करत राहते. रात्री दोनला यंत्रणा बंद पडली आणि पहाटे सुरू झाली, तर सकाळी माल गारच लागेल. पण नोंद खोटे बोलत नाही. बिघाड कोणाच्या ताब्यात झाला, हेही कळते.

आपल्या घरच्या पेटीत असे यंत्र नसते. मग तिची नोंद आपणच ठेवायची. मासळी बर्फात कधी घातली, ती वेळ पेटीवर लिहावी. थर्मोकोलच्या पेटीत भरपूर चुरा बर्फ घालावा. उघडताना बर्फ शिल्लक आहे का ते पाहावे. साधा तापमापक माशाच्या जाड भागात खुपसावा. आकडा चारच्या वर गेला असेल आणि मधला वेळ माहीत नसेल, तर बांगड्याचा मोह सोडावा. मासळी आल्याबरोबर फ्रिजमध्ये जावी, पाहुण्यांच्या गप्पा नंतर.

आता आमच्या पेटीवर भावजय खडूने वेळ लिहून पाठवते. पेटी आली की मुले आधी ती वेळ वाचतात, मग झाकण उघडतात.