सामाईक पाणी आणि शेजाऱ्याचा भरंवसा

सन २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें या भागांत कोणी विसरला नसेल. त्यापूर्वी मार्चांत पाणी भरण्याच्या जागीं दंगा होऊं नये म्हणून जमावबंदीचा हुकूम निघाला होता. पाऊस कमी झाला हें खरें. परंतु जमिनीखालचें पाणी सामाईक आणि विंधणविहिरी ज्याच्या त्याच्या, ही अडचण चांगल्या पावसांतही उरतेच. शेजारी ऊंस लावतो, मग मीं एकट्यानेंच कां थांबावें, असें प्रत्येकजण म्हणतो.

मनुष्यस्वभावाच्या या बाजूवर फेर व गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनीं सन २००० मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौघांस खुणेचीं वीस वीस नाणीं दिलीं. सामाईक पेटींत जें पडेल त्याची १.६ पट करून ती रक्कम चौघांत सारखी वांटावयाची. सर्वांनीं सर्व टाकल्यास प्रत्येकास ३२ मिळत. परंतु कांहीं न टाकणाऱ्यासही वांटा होताच. डाव पुन्हां पुन्हां खेळतां पेटी आटत गेली. सगळेच लबाड होते असें नव्हे. दुसरा टाकीत नाहीं असें दिसलें म्हणजे भला मनुष्यही हात आखडतो. पुढें स्वतः थोडी झीज सोसून चुकारास दंड करण्याची मुभा दिली, तेव्हां पेटी भरूं लागली.

धुळें व नाशिकाकडील फड पद्धतींत हेंच धोरण फार पूर्वींपासून आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. पाणी पाटकरी देईल, शेतकऱ्यानें स्वतः पाट फोडावयाचा नाहीं. ज्वारीच्या फडांत एकाचा ऊंस लपणार कसा? अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारानें पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें शेतीसाठीं विंधणविहिरी बंद केल्या, आणि पाऊस मोजून, पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढें मांडून पिकें ठरविण्याची वहिवाट पाडली.

प्रस्तुत लेखकानें कारकुनींत टंचाईचे हुकूम शेंकड्यांनीं नकलले आहेत. हुकूम दिवसा चावडीवर लागे आणि पंप रात्रीं चाले. आपण ठरविलेला नियम मोडतांना शेजाऱ्याची जी लाज वाटते, ती वरून आलेल्या कागदाची वाटत नाहीं.

एका ओढ्याकांठच्या आठ-दहा खातेदारांनीं आरंभ करावा. रब्बीच्या पेऱ्यापूर्वीं दोरीस दगड बांधून सर्वांच्या विहिरी सर्वांसमक्ष मोजाव्या, आंकडे देवळाच्या भिंतीवर लिहावे, आणि दंड किती व कोणीं घ्यावयाचा हें पेरणीआधींच ठरवावें. ऊंस उभा राहिल्यावर तें कोणास ठरवितां येत नाहीं.